जुन्या पिकअप गाडीचा चेंबर-गार्ड व त्याचे बोल्ट

शेतमाल पिकविणें हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो वेळेवर व सुस्थितींत बाजारीं पोंचविणेंहि महत्त्वाचें होय. जालना जिल्ह्यांत मोसंबी, कपाशी, सोयाबीन व मका यांची शेतापासून बाजारापर्यंतची वाहतूक एके काळीं बैलगाडीवर चाले. आज ती बहुतांशीं पिकअप गाडीवर चालते. नवी गाडी घेण्याइतकी रक्कम सर्वांजवळ नसते, म्हणून वापरलेली गाडी घेण्याचा प्रघात पडला आहे, व त्यांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु अशी गाडी घेतांना रंग, टायर आणि इंजिनाचा आवाज यांची जितकी पारख होते, तितकी गाडीच्या पोटाची होत नाहीं. पोटाखालचा पत्रा वाकलेला, त्याचे निम्मे बोल्ट गळालेले व उरलेला भार तारेच्या वेढ्यावर, अशा स्थितींत पुष्कळ गाड्या शेतांतून फिरतात. हा दोष दिसण्यांत क्षुल्लक, पण परिणामीं फार महाग पडणारा आहे. सबब तो कसा ओळखावा व आपल्या देखरेखीखालीं कसा दूर करावा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत केलें आहे.

पत्र्याचें काम

इंजिनाच्या तळाशीं तेल सांठविण्याचें जें भांडें असतें त्यास कारागीर ‘चेंबर’ म्हणतात. हें भांडें पातळ पोलादी पत्र्याचें किंवा ओतीव ॲल्युमिनियमचें असतें. पोलादी चेंबर दगड लागल्यास पोचतो. ॲल्युमिनियमचा चेंबर मात्र न पोचतां एकदम तडकतो. तडकलेल्या चेंबरांतून तेल थोड्याच वेळांत निघून जातें, आणि तेलाचा दाब नाहींसा झाल्यावर इंजिन तसेंच चालूं राहिल्यास आंतील बेअरिंगें जळून क्रँक जाम होतो. असें इंजिन उघडून पुन्हां बांधण्यास जो खर्च येतो, त्याच्या मानानें संरक्षक पत्र्याची व त्याच्या बोल्टांची किंमत अगदींच अल्प होय.

या चेंबराच्या खालीं जो जाड पत्रा बसवितात त्यास ‘चेंबर-गार्ड’ किंवा ‘इंजिन-गार्ड’ म्हणतात. कांहीं गाड्यांस तो कारखान्यांतूनच येतो, कांहींस केवळ चिखल अडविणारें प्लॅस्टिकचें आवरण येतें, व कांहींस कांहींच येत नाहीं. पत्रा दगडाचा घाव स्वतःवर घेतो व चार, सहा किंवा आठ बोल्टांच्या द्वारें तो चासीस पोंचवितो. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. पत्रा कितीहि जाड असला तरी त्याचें बळ त्याच्या बोल्टांइतकेंच. सहांपैकीं तीन बोल्ट नसलेला पत्रा निम्मा निरुपयोगी झाला एवढेंच नव्हे, तर तो एका अंगास लोंबून स्वतःच दगडास अडकतो, मागें दुमडतो व ज्या चेंबराचें त्यानें रक्षण करावयाचें त्यालाच धडकतो. असा पत्रा असण्यापेक्षां नसलेला बरा.

येथें विम्यासंबंधीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मोटारविम्याच्या करारांत सर्वसाधारणपणें अशी अट असते कीं, अपघातानंतर आवश्यक ती दुरुस्ती न करतां गाडी चालविली व नुकसान वाढलें, तर त्या वाढीव नुकसानीची जबाबदारी मालकाची. म्हणजे चेंबर फुटल्याचें नुकसान एक वेळ भरून मिळेल, परंतु तेल गळत असतां गाडी पुढें हांकून जाम केलेलें इंजिन मालकाच्याच अंगावर येईल. पोटाखालीं मोठा आघात झाला कीं इंजिन बंद करावें, खालीं वाकून पाहावें, आणि तेलाचा लाल दिवा लागल्यास एक फर्लांगहि पुढें जाऊं नये.

पत्रा निकामी कसा होतो

आपल्या जिल्ह्यांत या पत्र्यास दोन प्रकारचे शत्रु आहेत. भोकरदन-जाफराबादकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं, मुरमाड वाटांवर काळ्या पाषाणाचे धोंडे उघडे पडलेले असतात. त्यांचा घाव लागून पत्रा पोचतो व बोल्टांचीं डोकीं उडतात. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांत गोदावरीच्या अंगास भारी काळी जमीन आहे. तेथें पावसाळ्यांत पांदणींतून चाकोऱ्या खोल जातात, मधला उंचवटा पत्र्यास घासतो, व चिकट माती पत्रा आणि इंजिन यांच्यामध्यें गच्च भरते.

या मातीचा भार किती असतो याची पुष्कळांस कल्पना नसते. तीन फूट लांब व दोन फूट रुंद अशा पत्र्यावर दोन इंच जाडीचा ओला थर बसला तर त्याचें वजन ४५ ते ५० किलो भरतें. ३ मिलिमीटर जाडीचा तेवढाच पोलादी पत्रा स्वतः सुमारें १३ किलो असतो. म्हणजे जे बोल्ट १३ किलोंसाठीं योजले, त्यांवर जवळजवळ पांचपट भार पडून तो प्रत्येक खड्ड्यांत हिसकतो. त्यानें बोल्ट सैल होतात, सैल बोल्ट भोंकांत खेळूं लागतात, आणि गोल भोंकें लांबट होतात. शिवाय ही माती आठवडे-आठवडे ओल धरून ठेवीत असल्यामुळें आटे गंजतात. दगडाचा घाव दिसतो तरी. मातीचें हें काम मात्र गुपचूप चालतें.

गाडी विकत घेतांना

गाडी शक्य तर धुण्याच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर नेऊन पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली, बोल्ट मोजावे. भोंकें किती व बोल्ट किती, हा हिशेब जमला पाहिजे. तार, वेल्डिंगचा टांका किंवा भलत्याच मापाचा बोल्ट दिसल्यास तेथील मूळ आटे गेले आहेत असें समजावें.

दुसरी, पत्रा हातानें हालवून पाहावा. खडखड वाजल्यास भोंकें लांबट झालीं आहेत किंवा आंतील रबरी बुश झिजले आहेत.

तिसरी, पत्र्याची आंतली बाजू बॅटरीच्या उजेडांत पाहावी. तेथें ताजें तेल असेल तर तें कोठून आलें याचा छडा लागल्यावांचून व्यवहार पुरा करूं नये. केवळ पत्रा पोचला असून चेंबर शाबूत असेल तर भिण्याचें कारण नाहीं. पत्र्यानें आपलें काम केलें इतकेंच.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, पत्रा ज्या ठिकाणीं चासीस जोडला असतो तेथील चासी पाहावी. तेथें चीर, वांक किंवा नवा काळा रंग फांसलेला आढळल्यास जाणत्या कारागिराकडून तपासणी करून घ्यावी. पत्रा बदलतां येतो. चासीचें तसें नाहीं. या दोषांपैकीं बोल्टांचे दोष हे किंमत कमी करून घेण्याचें कारण आहे, चासीचा दोष हें गाडी नाकारण्याचें कारण आहे.

बोल्टाची निवड

दुरुस्तींत खरी चूक होते ती येथें. बोल्ट तुटला कीं जवळच्या दुकानांतून बसेल तो बोल्ट आणून ठोकला जातो. वास्तविक बोल्टाच्या चार गोष्टी जुळाव्या लागतात: जाडी, आट्यांचें अंतर, लांबी व प्रत.

जाडी व आटे. — कारागीर बोल्टाचें नांव पुष्कळदां त्यास लागणाऱ्या पान्यावरून घेतात. ‘तेरा नंबरचा बोल्ट’ म्हणजे १३ चा पाना लागणारा, ज्याच्या दांड्याची जाडी ८ मिलिमीटर असते तो. त्यामुळें दुकानांत घोटाळा होतो. यास्तव जुना बोल्ट बरोबर न्यावा. ६ मिलिमीटरच्या बोल्टास १० चा पाना, ८ मिलिमीटरच्यास १३ चा किंवा १२ चा, आणि १० मिलिमीटरच्यास १७, १६ अथवा १४ चा पाना लागतो. १० मिलिमीटर जाडीचे बोल्ट दोन प्रकारच्या आट्यांत सर्रास मिळतात. एकांत दोन आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर, दुसऱ्यांत १.२५ मिलिमीटर. एक प्रकार दुसऱ्याच्या नटांत दोन फेरे जातो व मग अडतो. तेथें पान्यानें जोर केला कीं नटाचे आटे कापले गेलेच. नवा बोल्ट शेवटपर्यंत बोटांनीं फिरला पाहिजे, ही एकच कसोटी पुरेशी आहे.

लांबी. — बोल्ट आंखूड असला तर थोडेच आटे धरतात. निदान बोल्टाच्या जाडीइतकी लांबी तरी नटांत गेली पाहिजे. उलट बोल्ट फाजील लांब असला व भोंक पलीकडून बंद असलें, तर तो तळास टेंकून घट्ट झाल्याचा भास होतो, पण पत्रा मात्र सैलच राहतो.

प्रत. — चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे व बनविणाराची खूण उठविलेली असते. ८.८ यांतील पहिल्या आंकड्याचा अर्थ असा कीं, तें पोलाद एका चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटन, म्हणजे सुमारें ८० किलो ताण सोसून मग तुटतें. दुसऱ्याचा अर्थ, त्या ताणाच्या दहांपैकीं आठ भागांपर्यंत तें कायमचें लांबत नाहीं. भारतीय मानक १३६७ यांत या प्रती दिलेल्या आहेत. डोक्यावर कांहींच आंकडा नसलेला बोल्ट कोणत्या प्रतीचा हें कळत नसल्यानें तो या कामीं वापरूं नये. मूळचा बोल्ट ज्या प्रतीचा असेल त्याच प्रतीचा घ्यावा. माहिती न मिळाल्यास साधारणतः ८.८ योग्य होय. अधिक कठीण म्हणून १२.९ चा बोल्ट घालण्याचा मोह कित्येकांस होतो. तो आवरावा. भारी आघातांत कांहीं तरी तुटणारच असेल तर तें बोल्टानें तुटावें. बोल्ट न तुटतां चासीवरील वेल्ड केलेला नट उखडून आला तर काम दसपट वाढतें.

जालना शहर हें लोखंडी सळईच्या कारखान्यांविषयीं प्रसिद्ध असल्यामुळें आपल्याकडे सळईचे तुकडे सहज मिळतात, व त्यांवर आटे पाडून बोल्ट करण्याची युक्ति सुचते. ती या कामीं घातक आहे. बांधकामाची टी. एम. टी. सळई लाटल्यावर तिच्यावर पाण्याचा मारा करून तिचें बाहेरचें कवच कठीण केलेलें असतें व गाभा मऊ ठेवलेला असतो. आटे पाडतांना नेमकें तें कठीण कवचच कापून जातें व मऊ गाभा उरतो. सळई स्लॅबमध्यें उत्तम; चेंबर-गार्डाला ती नको.

बोल्टाबरोबर वायसरहि पाहावी. भोंक किंचित् लांबट झालें असल्यास मोठ्या व्यासाची जाड चपटी वायसर घालावी. मूळ गाडींत पत्रा व चासी यांच्यामध्यें पोलादी नळी किंवा रबरी बुश असल्यास तो टाकून देऊं नये. त्याच्या योगानें पत्रा व चेंबर यांमध्यें ठराविक अंतर राहतें.

जुने बोल्ट काढणें

प्रथम जीविताची काळजी. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि, क्षणभरहि जाऊं नये. काळ्या मातीच्या अंगणांत तर जॅकचा पाय हळूहळू खचतो. काम सिमेंटच्या सपाट जागेवर करावें, मागील चाकांस दोन्ही बाजूंनीं लांकडी उटी लावावी, हँडब्रेक ओढावा, आणि गाडी उचलल्यास चासीखालीं मजबूत लोखंडी घोड्या ठेवाव्या. विटा किंवा दगड रचूं नयेत. ते भाराखालीं न सांगतां फुटतात. खड्डा किंवा रॅम्प उपलब्ध असल्यास गाडी उचलूंच नये. इंजिन व सायलेन्सर पूर्ण थंड होऊं द्यावेत.

नंतर पाण्याच्या जोरकस धारेनें व लांकडी पट्टीनें माती काढावी. हें स्वच्छतेसाठीं नव्हे. मातीसकट पत्रा खालीं आल्यास साठ किलोंचा भार छातीवर येईल, म्हणून. प्रत्येक बोल्ट तारेच्या ब्रशनें घासून त्यावर गंज सोडविणारें तेल सोडावें व शक्य तर रात्रभर मुरूं द्यावें. दुसरे दिवशीं सहा कोनांचा गोटी-पाना नीट बसवून बोल्ट आधीं अगदीं किंचित् आवळावा व मग सोडवावा. त्यानें गंजाचा बंध तुटतो. अडला तर पुन्हां तेल सोडून पुढें-मागें फिरवावा. लांब नळी घालून एकदम जोर केल्यास डोकें तुटतें.

चासीवरील नटच बोल्टाबरोबर फिरूं लागल्यास बोल्टाचें डोकें ग्राइंडरनें कापावें. डोकें तुटून दांडा आंत राहिल्यास त्याच्या बरोबर मध्यावर खूण ठोकून लहान भोंक पाडावें व क्रमाक्रमानें मोठें करावें. हें काम कुशल कारागिराकडे सोंपविणें श्रेयस्कर. गॅसची ज्योत किंवा ग्राइंडर चालवितांना जवळच्या डिझेलच्या व ब्रेकच्या नळ्या ओल्या फडक्यानें झांकाव्या आणि वाळूची बादली हाताशीं ठेवावी. वेल्डिंग करावयाचें झाल्यास बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्या, नाहीं तर हल्लींच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेस अपाय होतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टावर वेल्डिंग करूं नये; त्याचा धूर आरोग्यास बाधक आहे.

शेवटचे दोन बोल्ट राहिले कीं पत्र्याखालीं सोबत्याचा हात किंवा दुसरा जॅक असावा. पत्रा उतरल्यावर पोचे हातोडीनें काढावे. चीर असल्यास तिच्या टोंकाशीं लहान भोंक पाडून मग वेल्डिंग करावें, म्हणजे ती पुढें सरकत नाहीं. अर्धाअधिक गंजून पातळ झालेला पत्रा मात्र दुरुस्त करीत बसूं नये, बदलावा.

नवे बोल्ट बसविणें

चासीवरील नटांचे आटे त्याच मापाच्या टॅपनें साफ करावे. आटे पार गेले असल्यास कारागिराकडून नवा नट वेल्ड करवावा. मग पत्रा जागेवर धरून सर्व बोल्ट आधीं बोटांनीं लावावे. एकहि पान्यानें आवळूं नये. सर्व लागल्यावर समोरासमोरचे बोल्ट क्रमानें, दोन फेऱ्यांत आवळावे. एकच कोपरा आधीं आवळल्यास पत्रा तिरपा बसतो व उरलेलीं भोंकें जुळत नाहींत.

किती आवळावें याचें माप गाडीच्या पुस्तकांत असल्यास तेंच पाळावें. नसल्यास ८.८ प्रतीच्या कोरड्या बोल्टांस साधारण माप असें: ६ मिलिमीटरास १० न्यूटन-मीटर, ८ मिलिमीटरास २५, आणि १० मिलिमीटरास ५० च्या आंत. टॉर्क-पाना जवळ नसल्यास एवढें समजावें कीं, एक फूट लांबीच्या पान्याच्या टोंकास सुमारें ८ किलो जोर लावला म्हणजे २५ न्यूटन-मीटर होतात, व सुमारें १६ किलो लावला म्हणजे ५० होतात. गंज टाळण्यासाठीं आट्यांस थोडें ग्रीस लावणें चांगलें. परंतु ग्रीस लावल्यास बोल्ट सहज फिरून अधिक ताणला जातो, म्हणून वरील मापांतून पंचमांश कमी करावा.

शेवटीं तीन गोष्टी पाहाव्या. पत्रा व चेंबर यांमध्यें बोटभर तरी मोकळी जागा असावी. तेल सोडण्याच्या बोल्टासमोर पत्र्यास भोंक असावें. आणि वारा जाण्याच्या फटी बंद होऊं नयेत, नाहीं तर उन्हाळ्यांत इंजिन तापेल. गाडी पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हां एकदां पान्यानें तपासावे. ही तपासणी टाळल्यास वरील सर्व श्रम वायां जाण्याचा संभव आहे.

पुढील निगा

पावसाळ्यांत दर आठवड्यास माती काढावी व पावसाळा संपतांच बोल्ट तपासावे. सोयाबीनच्या मळणीच्या व कपाशी वेंचणीच्या दिवसांत धोका निराळा असतो. पत्र्यावर भुसा, काड व पऱ्हाट्यांचे तुकडे सांठतात. सुकें काड २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पेट घेऊं शकतें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या बहुतेक डिझेल गाड्यांत धूर गाळणारें जें यंत्र असतें, तें स्वतःस साफ करतांना आंतून ६०० अंशांच्या आसपास तापतें. अशी गाडी खळ्यावर काडाच्या ढिगावर उभी करूं नये, आणि पत्र्यावरील कचरा रोज संध्याकाळीं हातानें काढावा.

टॉर्क-पाना, टॅपांचा संच व दोन चांगल्या घोड्या हीं साधनें एकट्यानें घेण्याइतकीं वारंवार लागत नाहींत. एका गांवांतील चार-पांच गाडीमालकांनीं मिळून तीं घेऊन ठेविल्यास प्रत्येकाच्या वांट्यास खर्च थोडा येईल व काम विश्वासाचें होईल.

सारांश, बोल्ट मापाचा व प्रतीचा घ्यावा, बोटांनीं लावून मग पान्यानें आवळावा, शंभर किलोमीटरांच्या आंत पुन्हां पाहावा, आणि माती व काड सांठूं देऊं नये. तोडलेली मोसंबी गाडींत भरलेली असतां आडरानांत इंजिन जाम झालें, तर त्या दिवसाचा बाजार तर जातोच, पण त्या हंगामाची मिळकतहि इंजिनाच्या पायीं खर्ची पडते. मूठभर बोल्टांकडे वेळीं लक्ष दिल्यानें हें टळतें, म्हणून येत्या हंगामाची पहिली खेप भरण्यापूर्वीं प्रत्येक गाडीमालकानें एकदां आपल्या गाडीखालीं वाकून पाहावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.